उजवा अंगठा

१

व्हिडिओ खेळांची परीक्षणं लिहिणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात: याला काम म्हणतात का, आणि मग दिवसभर करता काय. तिनं दोन्हींची उत्तरं देणं कधीच सोडून दिलं होतं. एका साप्ताहिकात तिचं एक पान होतं. पानाच्या तळाशी दोन चौकटी, डावीकडे ‘जमेच्या बाजू’, उजवीकडे ‘उणिवा’. वरचा मजकूर कुणी वाचत नाही, लोक थेट चौकटींवर उडी मारतात, हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं आणि तिनं ते मनाला लावून घेतलं नव्हतं. उलट ती लिहायला सुरुवातच चौकटींपासून करी, त्यातही उणिवांपासून. कौतुक काय, कधीही सुचतं.

घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. वडिलांचं आयुष्य बस चालवण्यात गेलं. इमारतीत सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत, आणि ते लेकीला कंडक्टर म्हणत, कारण लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्या खुर्चीमागे स्टुलावर चढून चमच्यानं वाटी वाजवायची. सिंगल बेल म्हणजे थांबा. डबल बेल म्हणजे चला. ती वाढली, ते निवृत्त झाले, तरी हा कायदा काही रद्द झाला नाही. आतल्या खोलीत खिडकीपाशी लाकडी हातांची खुर्ची होती. तिथं बसून ते बोटातली अंगठी खुर्चीच्या हातावर आपटत. टक् टक्, म्हणजे ये, पाणी आण. टक्, म्हणजे पुरे, टीव्ही बारीक कर. उगाच तोंडाची वाफ दवडणं त्यांना मंजूर नव्हतं.

दुपारी चहाच्या आधी त्यांचं छातीचं औषध असे. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाकी काही चुकलं तर चुकू दे, हे चुकवायचं नाही. मागं एकदा चुकलं होतं, आणि तिनं तो आठवडा दवाखान्याच्या बाकावर काढला होता. औषधाबरोबर पाणी लागे, तेही काठोकाठ. जरा कमी भरलेला ग्लास पुढे केला की ते म्हणत, “अर्ध्या टाकीवर मी कधी डेपो सोडलेला नाही.” त्यामुळे रोज ती ग्लास दोन्ही हातांत धरून, नजर पाण्यावर ठेवून, पाय उचलून टाकण्याऐवजी सरकवत आतल्या खोलीत जाई. बाहेरच्या माणसाला हे दृश्य हास्यास्पद वाटलं असतं.

दिवसा ते झोपत नसत. कधीच नाही. कुणी जेवणानंतर आडवं होण्याचा आग्रह केला तर ठरलेलं उत्तर येई: “ड्रायव्हरनं दिवसा डोळा मिटला, की तो एकदाच मिटतो.”

२

खेळाचं नाव होतं ‘डुलकी’. संपादकांनी पाठवताना एवढंच कळवलं होतं की खेळ स्वप्नाळू आहे, नीट लिही.

दोन दांड्यांचा खेळ होता. कंट्रोलरच्या डाव्या दांडीनं चालायचं, उजव्या दांडीनं नेम धरायचा. उजवी दांडी जिकडं कलेल तिकडं मारा आपोआप सुरू. असे खेळ बापलेक मिळून खेळत. कंट्रोलर एकच, सोफ्यावर दोघांच्या मधोमध. डावी बाजू तिची, उजवी त्यांची. “जन्मभर गाडी हाकली,” ते म्हणत, “आता तू हाक. मी हॉर्न वाजवतो.” धंद्याच्या दृष्टीनं ही लबाडीच. परीक्षकानं खेळ स्वतः खेळायचा असतो. पण म्हाताऱ्याचा उजवा अंगठा असा तयार होता की तिला कधी तक्रार करावीशी वाटली नाही.

पडद्यावर वरून दिसणारी एक खोली होती. मधे झोपेच्या कपड्यांतला एक माणूस, चेहरा न रंगवलेला. भिंतींचे रंग ओले असल्यासारखे सावकाश बदलत. दारांमधून धुकं यायचं आणि धुक्यातून आकृत्या. त्या हळू येत, फारच हळू, दोन्ही हात पुढे करून. त्यांच्यावर उजेडाचे ठिपके सोडायचे. ठिपका लागला की आकृती गुडघ्यांवर बसायची, विरघळायची, आणि थोड्या वेळानं त्याच दारातून पुन्हा यायची.

“यांनी केलंय काय?” ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

“काय केलंय म्हणजे?”

“आपण मारतोय त्यांना. काहीतरी केलं असेल ना.”

“शत्रू आहेत, बाबा.”

“हल्ला तर करत नाहीत बिचारे.”

ते खरंच होतं. तिनं मनातल्या मनात पहिली उणीव लिहून टाकली: शत्रू हल्ला करत नाहीत.

“आणि हातात काय आहे त्यांच्या?”

“काही नाही. काढलंच नाहीये.”

“असं कसं? हात तर काहीतरी धरल्यासारखे आहेत.”

दुसरी उणीव: चित्रकाम अपुरं. तिसरी तिला लगेच दिसली. आकृत्यांची तोंडं उघडत आणि मिटत, पण आवाज येत नसे.

ठिपका सुटण्याचा आवाज मात्र अप्रतिम होता. बंदुकीचा नाही, स्फोटाचा नाही. लाकडावर काहीतरी हलकेच आपटावं तसा, कोरडा, एकच. टक्. त्या आवाजाबद्दल काय लिहावं याचा विचार करत ती खेळातला पुढचा मजला चढली, त्याच्या पुढचा चढली, आणि मग तिच्या लक्षात आलं की बाबा बराच वेळ बोललेले नाहीत. तिनं वळून पाहिलं. ड्रायव्हरसाहेबांची मान खांद्यावर पडली होती. तोंड किंचित उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि ते झोपले होते.

तिला हसूच आलं. अंगठा अजून दांडीवर होता आणि नेम चुकत नव्हता. इतक्या वर्षांची सवय, ती म्हणाली. हात झोपेतही कामावर.

३

सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला पहिले काही दिवस वाटलं. रात्र रात्र कूस बदलणारा माणूस आता जेवण झालं की आतल्या खोलीत जाऊन खुर्चीत बसे, आणि त्याचं घोरणं बाहेर ऐकू येई. घर शांत झालं. तिचं काम पुढे सरकलं.

आता दोन्ही दांड्या तिच्याच हातांत होत्या, आणि ती कधी नव्हे इतकी चांगली खेळत होती. एरवी तिचा उजवा अंगठा यथातथाच होता. ‘डुलकी’त मात्र तो मनात येण्याआधीच वळायचा. धुक्यात आकृतीची कड दिसायची आणि ठिपका आधीच सुटलेला असायचा. तिनं जमेच्या बाजूंना सुरुवात केली. नियंत्रण इतकं हलकं की अंगठा दांडीवर आहे हे विसरायला होतं. आवाजाचं काम या वर्षातलं सर्वोत्तम. लय अशी की वेळ कसा गेला कळत नाही.

एका दुपारी औषधाची वेळ झाली म्हणून तिनं खेळ थांबवला. स्वयंपाकघरात जाऊन ग्लास भरला, काठोकाठ, आणि दोन्ही हातांत धरून आतल्या खोलीकडे निघाली. उंबरठ्यापाशी पाणी जरा हिंदकळलं, तेव्हा तिनं श्वास रोखला.

ती सोफ्यावर बसलेली होती. कंट्रोलर मांडीवर, खेळ चालू. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा मघाशी टेबलाच्या पायापाशी होता, तो आता भिंतीवर चढला होता. औषध देऊन आलो की, ती स्वतःशी म्हणाली. ते दिलेलं तिला आठवत नव्हतं, पण रोजच्या गोष्टी कोण आठवत बसतं. दाराला कुलूप लावलेलं तरी कुठं आठवतं.

संध्याकाळी तिनं आत डोकावलं. बाबा झोपलेलेच होते. खुर्चीशेजारच्या स्टुलावर पाण्यानं भरलेले दोन ग्लास होते.

४

ड्रिफ्टची शंका तिला त्यानंतर आली. जुन्या कंट्रोलरचा हा नेहमीचा आजार. दांडी झिजते आणि अंगठा न लावताच एका बाजूला कलू लागते. परीक्षण लिहिण्याआधी तो तपासायचा असतो, नाहीतर आपल्या यंत्राचं पाप खेळाच्या माथी बसतं. तिनं उजवा अंगठा उचलला आणि पाहिलं.

दांडी कललेलीच होती. ठिपके सुटत होते. टक्. टक्.

तिनं कपाटातून दुसरा कंट्रोलर काढला, कोरा, पिशवीतला. त्याचीही तीच गत. तेव्हा तिनं संपादकांना फोन लावला.

“काय गं, ‘डुलकी’ कुठवर?”

“शेवटचा मजला राहिलाय, सर. एक विचारू? तुमच्या कंट्रोलरला ड्रिफ्ट येतोय का?”

“हे बघ, ड्रिफ्टचं छापायचं नाही. वाचक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं.”

“तसं नाही. ड्रिफ्ट नेहमी एकाच बाजूला जातो ना? हा फिरतो. आकृती जिकडून येईल तिकडं वळतो.”

“मग बरंच आहे की. फुकटचा नेमबाज.” संपादक स्वतःच्या विनोदावर हसले. “मी पण खेळतोय घरी. झकास आहे. घरात इतकी शांतता मी आजवर पाहिली नव्हती. आमच्या सासूबाई तुला माहीत आहेत, दिवसभर सूचना चालू. परवा गंमत म्हणून माझ्या शेजारी बसल्या, जरा रिमोटला हात लावला. तेव्हापासून दुपारभर झोपतात. देवच पावला म्हण.”

“आणि उठल्या की?”

पलीकडे मागं कुठंतरी लाकडावर काहीतरी आपटल्यासारखं झालं.

“उठत असतील,” संपादक म्हणाले. “मी खेळत असतो.”

फोन ठेवल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली. मग तिनं तिला हुसकावून लावलं. माणसं म्हातारी होतात, म्हातारी माणसं झोपतात. यात खेळाचा काय दोष? ती पाणी प्यायला उठली तर मांडणीवर ग्लासच नव्हता. भांडी घासायची राहिली असतील म्हणून तिनं बेसिनमध्ये पाहिलं. बेसिन स्वच्छ होतं.

५

खालच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहत. त्यांच्याकडे या घराची जादा किल्ली असे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ड्रायव्हरसाहेबांची पँट घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. एरवी ही बाई दारात उभी राहणारी नव्हे, थेट स्वयंपाकघरापर्यंत यायची.

“कंबर सैल करून दिलीय. कालच आणली होती.”

“काल? मला कळलं नाही काकू.”

“कसं कळेल? बेल दाबून बोट दुखलं माझं. शेवटी किल्लीनं उघडलं, म्हटलं काय झालंय की काय. तर दोघंही ढाराढूर. ते आत, तू या सोफ्यावर.”

“मी झोपले नव्हते. खेळत होते.”

“डोळे मिटून?”

तिनं हसण्याचा प्रयत्न केला. शिंपीणबाई हसल्या नाहीत.

“टीव्ही चालू होता, ते खरं. आणि तुझा हा अंगठा हलत होता. हा, डावा. उजवा हात नुसता पडलेला होता बाजूला. मला वाटलं, पोरगी झोपेतही कामाला जुंपलेली आहे.”

“बाबांना हाक मारलीत का?”

“मारली. इथून मारली, मग तिथं दारात जाऊन मारली. आवाज काढत होते बाई मी, पण मलाच माझा आवाज ऐकू येईना. मग पँट घेऊन आत पाय टाकला.” हातातली पँट त्यांनी उगाच पुन्हा घडी केली. “आणि मग मी माझ्या घरी होते. मशीनपाशी बसलेले. पँट मांडीवर.”

तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“वय झालं,” शिंपीणबाई म्हणाल्या. “तुझं नाही, माझं. घे. आता तूच दे त्यांना.”

पँट तिच्या हातात कोंबून त्या जिना उतरून गेल्या, कठड्याला धरून, मागं न बघता.

सकाळी बाबा जागे असत. जरा वेळानं ते बाहेरच्या खोलीत येऊन बसले. त्यांनी चहा घेतला, खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवली. तिनं विचारलं, औषध घेताय ना दुपारचं? ते म्हणाले, “तू आणलंस तर घेईन. किती दिवस वाट बघतोय, येतच नाहीस.” आणि मग सहज, रस्त्याकडे बघत: “स्वप्नात मात्र कुणी ना कुणी सारखं येतं बघ. हात पुढे करून. उठवायला बघतात. मी काय उठतोय!”

“कोण येतं?”

“तोंड दिसत नाही. धुकं फार.” त्यांनी कप खाली ठेवला. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी दुसऱ्या हातानं चोळला. “हा का दुखतोय कुणास ठाऊक.”

तिनं तिथल्या तिथं औषध काढून दिलं असतं. पण ते दुपारचं होतं, पोटात अन्न असल्याशिवाय द्यायचं नव्हतं. आज समोर बसून देऊ, तिनं ठरवलं. आज खेळायचंच नाही.

६

जेवता जेवता त्यांचे डोळे मिटू लागले. तिनं बोलत ठेवायचा प्रयत्न केला. जुन्या रस्त्यांबद्दल विचारलं, घाटांबद्दल विचारलं. “हो हो,” ते म्हणाले, आणि ताट अर्धवट टाकून आतल्या खोलीत गेले. ती औषधासाठी उठली.

ती सोफ्यावर बसलेली होती.

कंट्रोलर हातात होता. टीव्ही तिनं लावला नव्हता. निदान लावल्याचं आठवत नव्हतं. पडद्यावर शेवटचा मजला होता.

या मजल्यावर एकच खोली होती. भिंतींचे रंग आता बदलत नव्हते. एक खिडकी, एक दार, खिडकीपाशी एक खुर्ची. झोपेच्या कपड्यांतला माणूस खुर्चीत बसला होता. तिनं डावी दांडी पुढे सारली. माणूस हलला नाही. तिच्यातली परीक्षक इतकी मुरलेली होती की तिला आधी उणीवच सुचली: शेवटच्या खोलीत डावी दांडी चालत नाही.

मग तिनं पडद्यावरच्या दाराकडे पाहिलं. डावी दांडी चालत होती. दारातली आकृती हलत होती.

तिनं दांडी सोडली. आकृती थांबली. तिनं दांडी अगदी हलकेच पुढे केली. आकृती पाय उचलत नव्हती, सरकवत होती. दोन्ही हात पुढे, मान खाली, सगळं लक्ष हातांवर. तोंड उघडलं, मिटलं. ओठ दोनदा जुळत होते, बा आणि बा.

टक्.

आकृती गुडघ्यांवर बसली आणि विरघळली. तिचा उजवा हात मांडीवर पडलेला होता. ठिपका तिनं सोडलेला नव्हता.

तिला भीती वाटली, आणि ती भीती स्वतःसाठी नव्हती. आज औषध गेलेलं नाही, काल गेलेलं नाही, आणि त्याच्या आधी किती दिवस गेलेलं नाही हे तिला माहीत नाही, एवढंच तिला दिसत होतं. तिनं टीव्ही बंद केला. भिंतीवरचं बटण बंद केलं. वायर उपटून काढली. काळ्या पडद्यात खोली आणि तिची स्वतःची सावली दिसत राहिली.

आतून आवाज आला. टक्. जरा वेळानं पुन्हा, टक्.

डॉक्टरांना फोन करावा असं तिच्या मनात आलं. पण डॉक्टर आले तरी त्याच दारातून आत जाणार होते.

७

स्वयंपाकघरात एकही ग्लास उरला नव्हता. वाट्या नव्हत्या, कप नव्हते. मागच्या फडताळात एक जुना स्टीलचा पेला सापडला. तो भरताना तिचा हात आपोआप काठापर्यंत गेला. कमी पाणी घेऊन झपझप जाता आलं असतं, हे तिला पेला भरून झाल्यावर सुचलं.

आतल्या खोलीच्या दारात ती थांबली. उंबरठ्याच्या अलीकडे.

ऊन थेट खुर्चीवर पडलं होतं. ड्रायव्हरसाहेब टेकून झोपले होते, चेहरा शांत, सुखी म्हणावा असा. शेजारच्या स्टुलावर ग्लास होते. स्टुलाखाली जमिनीवर ग्लास होते, खुर्चीच्या पायांपासून दाराच्या दिशेनं पसरलेले, त्यांत वाट्या, त्यांत कप. काही थेट खुर्चीला टेकलेले, काही निम्म्या वाटेवर, एक अगदी तिच्या पायापाशी. सगळे काठोकाठ भरलेले. एकातूनही थेंब सांडला नव्हता. औषधाचं पाकीट खिडकीच्या कठड्यावर न फोडलेलं पडलं होतं.

त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर होता. अंगठा उभा होता आणि एका बाजूला कलला होता, तिच्या बाजूला.

ती डावीकडे झुकली. अंगठा डावीकडे वळला. ती उजवीकडे झुकली. अंगठा तिच्यामागोमाग आला, सावकाश, चूक न करता. बाकीची बोटं अर्धवट उचललेली होती, आणि अंगठीच्या बोटाखाली लाकडाला एक खड्डा पडला होता.

“बाबा,” ती म्हणाली. ओठ हलल्याचं तिला जाणवलं. ऐकू काही आलं नाही.

पाऊल आत टाकलं तर काय होईल हे तिला आता माहीत होतं. ती सोफ्यावर असेल, पेला त्या ओळीत असेल, आणि घरात पाणी न्यायला भांडंच उरलेलं नसेल. तिथं उभ्या उभ्या तिनं डोकं लढवलं. हा माणूस हाकेनं उठणार नाही. हात लावून उठवायला तिथवर पोचू देणार नाही. पण आयुष्यभर एका गोष्टीला त्यानं कधी नकार दिला नव्हता. जेवता जेवता, बोलता बोलता, गाडीत कितीही गर्दी असो, मागून बेल आली की तो सरसावून बसायचा. लहानपणी तिनं वाटीवर वाजवली तरी त्याचा हात आधी गिअरकडे जाई, मग तो हसे. कंडक्टरनं बेल मारल्यावर ड्रायव्हर झोपून राहूच शकत नाही.

तिनं पेला एका हातात घेतला, पाणी न हिंदकळू देता. दुसऱ्या हाताच्या नखानं पेल्यावर मारलं. स्टीलचा आवाज खोलीभर गेला. दोनदा. डबल बेल.

अंगठा थांबला.

ड्रायव्हरसाहेब खुर्चीत सरळ झाले. पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली. डोळे उघडले नाहीत. डावा पाय क्लचवर पडावा तसा पुढे सरकून खाली दाबला गेला, डावा हात खुर्चीबाहेर जाऊन मुठीत काहीतरी धरून पुढे गेला. हे सगळं तिनं हजारदा पाहिलेलं होतं. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी डावा पाय वर घ्यायला सुरुवात केली, अगदी हळू. उभ्या प्रवाशांना धक्का बसू नये म्हणून ते घेत तसा. पाय पूर्ण वर आला. त्यांची मान एका बाजूला वळली, आरशात बघितल्यासारखी, आणि पुन्हा समोर आली.

उजवा हात खुर्चीवरून घसरून मांडीवर पडला. अंगठा सैल झाला.

तिनं उंबरठा ओलांडला. काही झालं नाही. ग्लासांच्या मधून वाट काढत ती पुढे गेली, पेला दोन्ही हातांत, नजर पाण्यावर. कुणी तिला थांबवलं नाही. इतक्या दुपारांत ती पहिल्यांदाच त्यांना हात लावता येईल इतकी जवळ पोचली.

“बाबा,” ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज तिला नीट ऐकू आला. तिनं वाकून त्यांच्या छातीजवळ कान नेला. एखादा ठोका ऐकू येईल म्हणून तशीच ती बराच वेळ राहिली. बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली.

डबल बेल म्हणजे जागे व्हा नव्हे. डबल बेल म्हणजे चला. हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

ती सरळ उभी राहिली. पेल्यावर नखानं एकदाच मारलं. सिंगल बेल, थांबा. ती थांबून राहिली, त्यांच्या पायाकडे बघत. मग पुन्हा एकदा मारलं. दर वेळी ती मधे बरंच अंतर सोडत होती, नाहीतर दोन मिळून पुन्हा ‘चला’ झालं असतं.